चर्चा: सुरक्षा पट्टा नसेल तर झाडाची छाटणी थांबवायची का?

धंतोलीकर
पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली. काल आमच्या गल्लीत एक जण चपला घालून गुलमोहरावर चढला. कमरेला साधा दोर, हातात चेनसॉ, विजेची तार हाताभर अंतरावर. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांदी आवाज न करताही मोडते. हेल्मेट, पूर्ण अंगाचा पट्टा आणि लाइन बंद असल्याची खात्री नसेल तर काम तिथंच थांबवावं, असं माझं मत.

हिरवा ठेका
बोलणं सोपं आहे, भाऊ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पोरं हेल्मेट स्वतःच काढून फेकतात. आम्हाला पैसे झाडामागे मिळतात. प्रत्येक फांदीवर पट्टा अडकवत बसलो तर दिवसाची झाडं निम्मी. आणि वादळात फांदी गाडीवर पडली की शिव्या आम्हालाच.

धंतोलीकर
उन्हावर उपाय वेळेचा आहे. सकाळी सहाला चढवा, साडेदहाला उतरवा. उलट उन्हात चक्कर आली तर पट्टाच वाचवेल.

निवृत्त लाइनमन
पट्ट्याने शॉक थांबत नाही, हे आधी लक्षात घ्या. "फोन केला, लाइन बंद आहे" एवढ्यावर माणूस चढवू नका. खटका पाडून तारेला अर्थिंग केलंच पाहिजे, कारण कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद लाइनीत उलटी वीज येते. ओल्या फांदीतूनही करंट उतरतो. अॅल्युमिनियमची शिडी तर तारेजवळ आणूच नये.

बागवाला
मी सोता झाडावर चढतो. थांबवा म्हणता, त्या दिवसाची रोजी कोण देईन? पट्टा भेटला तर काहून नाही घालणार? पण भेटते तो कमरेचा. त्याच्यात लटकलं का पोटाले असा झटका बसते का श्वास अडकते. लटकलेल्या माणसाले उतरवाले दुसरा चढणारा पाहिजे, खाली तर दोर धरणारं एकच पोरगं राहते. अन् बागेतल्या फवारणीचं कोणीच बोलून नाही राहिलं. २०१७ ले यवतमाळात फवारणीनं माणसं दगावली, तरी आम्ही तोंडाले रुमालच बांधतो.

धंतोलीकर
रोजीचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. मग ठेका झाडामागे न देता दिवसामागे द्या, लाइन बंद होईपर्यंतचा वेळही त्यात धरा. ठेकेदाराचा माणूस पडला तरी काम देणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आहे. महापालिकेलाही ते लागू होतं.

हिरवा ठेका
दिवसामागे दिलं तर अर्धी टोळी झाडाखाली झोपेल. निविदेत सर्वात कमी दरवाल्यालाच काम मिळतं, पट्ट्याची किंमत मी कुठे दाखवू?

बागवाला
बारा ते चार झोपलोच पाहिजे. दुपारी चेनसॉ चालवून पाहा एकदा.

निवृत्त लाइनमन
निविदेत पट्टा, दोर आणि दुसरा चढणारा यांची वेगळी ओळ ठेवा. त्यात दर कमी करायची मुभाच नको.

हिरवा ठेका
तशी निविदा काढा, मी उद्याच भरतो.