सोलर कुकरमधला राजमा आणि दळणातलं कच्चं सोयाबीन

गोदाकाठ (नांदेड): पेटीच्या सोलर कुकरमध्ये राजमा दुपारपर्यंत मऊ पडतो, पण असा राजमा बाधतो म्हणतात. खरं का? दुसरं, 10 किलो गव्हाच्या दळणात किलोभर सोयाबीन कच्चंच टाकलं तर चालतं का? आणि मुळातच विषारी असे दाणे कोणते?

चूल-बंब: मऊ पडला म्हणजे शिजला, ही गफलत आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं बाधणारं प्रथिन (लेक्टिन) असतं, ते मोडायला खदखदून उकळी लागते. 80 अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवला तर दाणा नरम होतो, पण बाधा कच्च्यापेक्षाही जास्त होऊ शकते. तुमची पेटी कडक उन्हात शंभरावर जाईलही, पण ढग आला किंवा भांडं मोठं असलं की खालीच घुटमळते. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब.

वाटीभर राजमा तीन-चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, निदान 5 तास तरी. एप्रिल-मेमध्ये पाणी आंबतं, मध्ये एकदा बदला. ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं उकळा, अर्धा तास उकळला तर निर्धास्त. मग खुशाल सोलरमध्ये ठेवा. प्रेशर कुकरला ही वेगळी उकळी नको, आत 120 अंशांच्या आसपास ताप असतो. फक्त कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेसानं शिट्टी तुंबते. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर 20 मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या.

बोअरचं पाणी जड असेल तर दाणा टणकच राहतो. चिमूटभर खायचा सोडा टाका, चिमूटच. चिंच-टोमॅटो दाणा शिजल्यावर.

गोदाकाठ: भिजवलेलं पाणी फेकलं तर सत्त्व जात नाही का?

चूल-बंब: थोडं जातं. पण गॅस धरवणारी साखर आणि काही लेक्टिनही त्यातूनच जातं. मोह नको.

तिफण (लातूर): सोयाबीन कच्चं दळू नका. त्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, आणि पोळी तव्यावर मिनिट-दोन मिनिटंच असते, तेवढ्यानं तो पुरता मोडत नाही. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात 25-30 मिनिटं शिजवा, निथळा, उन्हात कडकडीत वाळवा, मग गिरणीत. नुसतं भाजायला गेलात तर वरून करपतं, आत कच्चं.

सगळ्यात महत्त्वाचं: पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं दळणात अजिबात नको. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुऊन जात नाही. जनावरांनाही घालू नका.

उतरंड: विषारी दाण्यांचं. गुंज कशीही खायची नाही, तिच्यातलं अ‍ॅब्रिन जीवघेणं आहे. बांधावरचा मोगली एरंड शेंगवर्गातला नाही, पण बी चवीला बरी लागते म्हणून पोरं खातात आणि उलट्यांनी बेजार होतात. लाखेची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडतात, म्हणूनच 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली. दाणा पाचरीसारखा, तिरका कोनेदार असतो. बेसनात, तुरीच्या डाळीत तिची भेसळ होते, सुटी डाळ निरखून घ्या.

वाल आणि डबल बीन्समध्ये सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. भिजवा, पाणी टाका, झाकण उघडं ठेवून उकळा.

मूग-मटकीला मोड आणून एक वाफ पुरे. राजम्याचे मोड मात्र कच्चे खायचे नाहीत.