रविवार सकाळचा वर्ग सातचा की आठचा? भारत, अमेरिका आणि सिडनी यांच्या वेळांचा मेळ

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आम्ही काही जण दर रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ७ वाजता मोडी वाचनाचा ऑनलाइन वर्ग भरवतो. शिकवणाऱ्या बाई पुण्यात राहतात आणि विद्यार्थी पुणे, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया व सिडनी येथे आहेत. कॅलेंडरमधील दर आठवड्याचे निमंत्रण न्यू जर्सीच्या एका सभासदाने तयार केले होते. न्यू जर्सीत शनिवारी रात्री ९:३०, कॅलिफोर्नियात सायंकाळी ६:३० आणि सिडनीत रविवारी सकाळी ११:३० अशी वेळ ठरली होती व अनेक महिने ती सुरळीत चालली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मात्र सिडनीकरांच्या फोनवर दुपारचे १२:३० दिसू लागले. २ नोव्हेंबर २०२५ चा वर्ग पुण्यात नेहमीप्रमाणे ७ वाजता झाला, परंतु ९ नोव्हेंबरला निमंत्रणात सकाळचे ८ आणि सिडनीत दुपारचे १:३० अशी वेळ आली. बाई सातपासून वाट पाहत बसल्या होत्या. ‘भारत आणि न्यू जर्सी यांच्यात साडेनऊ तासांचा फरक’ एवढेच गणित आम्ही धरून चाललो होतो. हे अंतर नेमके केव्हा व का बदलते, आणि पुन्हा गोंधळ होऊ नये म्हणून वेळ कशी नोंदवावी, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (न्यू जर्सी)

कोणतीही दोन शहरे थेट एकमेकांशी ताडून पाहू नयेत. मध्ये यूटीसी, म्हणजे समन्वित जागतिक वेळ, ठेवावी. भारत यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे आणि हा आकडा वर्षभर तोच राहतो, कारण आपल्याकडे उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करण्याची पद्धत नाही. म्हणून पुण्यातील रविवार सकाळचे ७ म्हणजे यूटीसीप्रमाणे रविवार पहाटेचे १:३०. न्यू जर्सी उन्हाळी वेळेत यूटीसीच्या ४ तास आणि हिवाळ्यात ५ तास मागे असते. पहाटेच्या १:३० मधून ४ तास वजा केले की आपण मध्यरात्र ओलांडून आदल्या दिवशी जातो, म्हणजे शनिवार रात्रीचे ९:३०. ५ तास वजा केले तर शनिवार रात्रीचे ८:३०. तास मोजताना वार आणि तारीखही सोबत लिहावी, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. कॅलिफोर्निया आमच्याही ३ तास मागे आहे आणि तिथली घड्याळे त्याच तारखांना बदलतात.

अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. घड्याळे स्थानिक वेळेनुसार पहाटे २ वाजता बदलतात. तुमचा वर्ग आमच्याकडे शनिवारी रात्रीच आटोपतो, त्यामुळे २ नोव्हेंबरच्या बदलाचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसला. निमंत्रण न्यू यॉर्कच्या वेळेला (न्यू जर्सीचीही तीच वेळ) बांधलेले होते, म्हणून आमच्याकडे रात्रीचे ९:३० कायम राहिले आणि तुमचे ७ सरकून ८ झाले. कॅलेंडरने सांगितल्याप्रमाणेच काम केले आहे. वर्ग कोणत्या गावाच्या घड्याळाला बांधायचा, हे आपण त्याला सांगायला हवे होते.

उत्तर (सिडनी)

वरील खुलाशात दक्षिण गोलार्धाची भर घालतो. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. त्या काळात आम्ही यूटीसीच्या ११ तास पुढे असतो, एरवी १० तास. अमेरिकेतील घड्याळे मागे जाण्याच्या सुमारास आमची पुढे जातात, म्हणून न्यू जर्सीला बांधलेला वर्ग सहा आठवड्यांच्या आत आमच्याकडे दोन तासांनी सरकला. आमचा बदलही पहाटे होतो, परंतु वर्ग त्याच दिवशी दुपारी असल्याने तो लगेच जाणवतो. ‘ऑस्ट्रेलियाची वेळ’ असे मात्र लिहू नका. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे ते क्वीन्सलँड उन्हाळी वेळ पाळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ब्रिस्बेन आणि सिडनी यांच्यात एका तासाचे अंतर पडते, आणि ॲडलेडचा हिशेब पुन्हा अर्ध्या तासाचा आहे.

वर्ग पुण्याच्या वेळेला बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाईंची वेळ स्थिर राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. आमची वेळ वर्षातून दोनदा बदलेल, हे खरे. पण ती आमचीच घड्याळे बदलतील तेव्हा बदलेल आणि त्या दिवसाची आठवण इथे सर्वांना असते. परक्या देशातील घड्याळामुळे आपली वेळ बदलणे जास्त त्रासाचे आहे.

उत्तर (नाशिक)

आमच्याकडे विद्यार्थी नेहमी विचारतात की भारताच्या वेळेत हा अर्धा तास कुठून आला. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर ठरवलेली आहे, ८२.५ ला ४ ने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. ही वेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची, सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली वेळ पुढे अनेक दशके सोडली नव्हती. नेपाळचा हिशेब तर पाऊण तासाचा आहे: यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे. तेव्हा फरक नेहमी पूर्ण तासांचाच असतो, असे गृहीत धरू नये.

संक्षेपही टाळावेत. ‘आयएसटी’ ही अक्षरे भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्राएल यांच्या वेळेसाठीही वापरतात. अमेरिकेतील अनेक जण उन्हाळ्यातही सवयीने ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळ्यातील वेळ) लिहितात; ते शब्दशः घेतले तर एका तासाची चूक होते. शहराचे नाव लिहिले की प्रश्न मिटतो. कॅलेंडरमध्ये भारतासाठी बहुधा ‘कोलकाता’ हे नाव दिसेल, ते निवडावे. सबंध देशाची वेळ एकच असल्याने पुण्यासाठीही तेच चालते.

प्रश्नकर्ती (पुणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. जुने निमंत्रण रद्द करून ‘कोलकाता’ निवडून नवे पाठवले आहे. बाईंना पुन्हा सातची वेळ मिळाली, याचे फार समाधान वाटते. एकच शंका उरली आहे: पुढच्या वर्षी मार्चमध्ये न्यू जर्सीकरांना आणि एप्रिलमध्ये सिडनीकरांना नेमक्या कोणत्या वर्गापासून बदल कळवावा?

उत्तर (न्यू जर्सी)

अमेरिकेत ८ मार्च २०२६ रोजी पहाटे घड्याळे पुढे जातील. पुण्यातील ८ मार्चचा वर्ग आमच्याकडे ७ मार्चला रात्री ८:३० लाच होईल. त्यापुढचा, म्हणजे पुण्यातील १५ मार्चचा वर्ग, आमच्याकडे शनिवार १४ मार्चला रात्री ९:३० वाजता आणि कॅलिफोर्नियात सायंकाळी ६:३० वाजता असेल. सिडनीत उन्हाळी वेळ ५ एप्रिलला पहाटे संपते, म्हणून तिथे २९ मार्चचा वर्ग दुपारी १२:३० ला आणि ५ एप्रिलचा सकाळी ११:३० ला धरावा. पुण्याच्या बाजूला या दोन्ही वेळी काहीही बदलायचे नाही.