मदत हवी आहे: ऑक्सबरो हॉलच्या भिंतीत जुनी वीट आणि नवी वीट कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या ऑक्सबरो हॉल या जुन्या वाड्यावर लेख लिहिते आहे. इतिहासाचा भाग लिहून झालाय, विटांवर गाडी अडली आहे.

सर एडमंड बेडिंगफेल्ड यांना १४८२ साली राजा चौथ्या एडवर्डकडून तट आणि कंगोरे बांधायचा परवाना मिळाला. त्या मुलखात बांधकामाजोगा दगड फारसा नाही, चिकणमाती मात्र मुबलक. त्यामुळे खंदकाच्या पाण्यातून थेट वर आलेला अख्खा वाडा विटांचाच. मला सगळ्यात आवडतो तो दरवाजाचा उंच मनोरा. आतला गोल जिना विटांचा, डोक्यावरची कमानही विटांचीच! पुढे इंग्लंडात कॅथलिक पाद्र्यांवर बंदी आली तरी घराणं कॅथलिक राहिलं, म्हणून पाद्र्याला लपवायची जागाही इथे आहे. १७७५ मध्ये दक्षिणेकडचा मोठा दिवाणखाना पाडला. १९५० च्या सुमारास वाडाच जमीनदोस्त व्हायचा, पण घरच्या बायकांनी धडपडून तो वाचवला आणि १९५२ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला.

आता अडचण. १८३० नंतर बकलर या वास्तुविशारदाने वाड्याची मोठी डागडुजी केली, नव्या खिडक्या आणि नक्षीची धुराडी बसवली, तीही जुन्या धाटणीला धरून. फोटोत सगळं एकाच वयाचं दिसतं. मला ठाऊक असलेली खूण एवढीच: पंधराव्या शतकातली हातपाडीची वीट चपटी, साधारण दोन इंच जाडीची, कडा वेड्यावाकड्या, म्हणून दोन विटांमधली चुन्याने भरलेली फट, म्हणजे दर्ज, रुंद. (पेशवाईतल्या वाड्यांच्या विटाही अशाच चपट्या असतात.) रचनेत एक थर विटांच्या लांब बाजूंचा, पुढचा आखूड बाजूंचा. पण मुद्दाम जुन्यासारखं बांधलं असेल तर ही खूण पुरेशी आहे का?

नेमकं विचारायचंय ते असं. नंतर भरलेली दर्ज नुसत्या डोळ्यांनी कळते का? चुना आणि सिमेंट यांतला फरक लांबून दिसतो का? भट्टीत जास्त भाजून काळपट पडलेल्या विटांची नक्षी असते, तिच्यावरून काही ठरवता येतं का? आणि कुणी तिथे जाऊन आलं असेल तर अंगणाच्या बाजूच्या भिंतींचे जवळून काढलेले फोटो इथे टाकाल का? अंकात छापले तर नावानिशी छापेन.

जुन्या वाड्यांच्या डागडुजीत हात घातलेल्या गवंडी, अभियंते मंडळींनी तर जरूर लिहा, भारतातला अनुभव असला तरी चालेल.