भाड्याच्या वन बीएचके घरात दोन मांजरांचा ताण कमी कसा करावा?

नमस्कार,

मुलुंडमधील आमच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाल्यामुळे आम्ही त्याच भागात अकराव्या मजल्यावरच्या वन बीएचके घरात भाड्याने राहायला आलो आहोत. घरात मी, गुडघेदुखीने त्रस्त असलेली माझी आई आणि दोन मांजरे आहेत: मनी सात वर्षांची आणि गोट्या चार वर्षांचा. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. त्यांचे आपसात फारसे सख्य कधीच नव्हते, परंतु जुन्या घरात स्वयंपाकघराचा माळा मनीचा आणि मागची गॅलरी गोट्याची, अशी वाटणी त्यांनी आपली आपणच करून घेतली होती. इथे माळा नाही आणि गॅलरीही नाही. गोट्या आता आईच्या गादीवर लघवी करू लागला आहे.

पशुवैद्यांनी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी केली. खडे किंवा जंतुसंसर्ग आढळला नाही. ताणामुळे मूत्राशयाला सूज येण्याचा हा प्रकार असावा, असे त्यांचे मत आहे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते, त्यामुळे तो शी-लघवीसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये नुसताच जोर करत बसलेला दिसला तर रात्री-अपरात्रीही तडक दवाखाना गाठायचा, हे आम्ही पक्के ठरवले आहे. उपचार चालूच आहेत. प्रश्न घराच्या रचनेचा आहे.

काही दिवस लक्ष ठेवल्यावर माझ्या असे ध्यानात आले की, मनी हॉल आणि बाथरूम यांच्यामधल्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये ठाण मांडून बसते आणि गोट्याकडे एकटक बघत राहते. ती गुरगुरत नाही, पंजाही उगारत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला ती नुसती पहुडली आहे असेच वाटते. पण गोट्या तिला ओलांडून ट्रेपर्यंत जातच नाही. दोन्ही ट्रे बाथरूमबाहेर शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत. अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१३ मध्ये मांजरांच्या घरगुती गरजांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत सुरक्षित जागेबरोबरच अन्न, पाणी, ट्रे आणि झोपण्याच्या जागा एकमेकींपासून दूर आणि एकाहून अधिक असाव्यात यावर भर दिला आहे. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त, हा नियमही सर्वत्र सांगितला जातो. दोन ट्रे एका रांगेत असतील तर एकच मांजर दोन्ही अडवू शकते, हे आता मला पटले आहे. मात्र एवढ्याशा घरात तीन ट्रे तीन वेगळ्या ठिकाणी कुठे ठेवावेत? बेडरूमच्या कोपऱ्यात एक ठेवता येईल, परंतु आई रात्री उठते तेव्हा तिचा पाय त्यात अडकण्याची मला धास्ती वाटते. आपल्यापैकी कोणी खाटेखाली किंवा टेबलाखाली ट्रे ठेवला असेल, तर मांजराने तो स्वीकारला का?

दुसरा प्रश्न उंचीचा. मांजराला वरून सगळे न्याहाळता आले की ते निर्धास्त होते, आणि वर-खाली जागा मिळाली की दोघांना एकमेकांच्या वाटेत यावे लागत नाही. घरमालकांनी भिंतीला ड्रिल करण्यास मनाई केली आहे. कपाटावर जुनी चादर अंथरून आणि शेजारी स्टूल ठेवून मी चढण्याची सोय केली आहे; मनी लगेच वर गेली, गोट्या मात्र गेला नाही, बहुधा उतरण्याची वाट एकच असल्यामुळे. भिंतीला हात न लावता दोन वाटांची उंच जागा कशी तयार करता येईल?

तिसरी गोष्ट वासाची. मांजरे गाल घासून घरभर स्वतःचा गंध लावतात आणि त्या गंधामुळेच त्यांना घर आपले वाटते. आई रोज फिनाईलने लादी पुसत असे. फिनॉलवर्गीय पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, म्हणून ते मी बंद केले. आईला स्वच्छतेची काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. गादीवरच्या लघवीचा वास पूर्ण गेला नाही तर गोट्या पुन्हा तिथेच जाईल. त्यासाठी एन्झाइमयुक्त क्लीनर वापरून पाहिलेल्यांनी कापसाच्या गादीवर त्याचा उपयोग कितपत होतो, हे कृपया सांगावे.

दोघांना काही काळ वेगळ्या खोल्यांत ठेवून, एकमेकांच्या अंथरुणांची अदलाबदल करून, नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण देत नव्याने ओळख करून द्यावी का, याबद्दल माझा निर्णय होत नाही. अनोळखी मांजरांसाठी ही पद्धत सुचवतात. परंतु अनेक वर्षे एकत्र राहिलेल्या मांजरांना वेगळे केल्यास गोट्याचा ताण उलट वाढेल का? शिवाय दिवाळी जवळ येत आहे. फटाक्यांच्या दिवसांत दोघांनाही लपायला स्वतंत्र जागा लागेल आणि बंद होणारी खोली आमच्याकडे एकच आहे. लहान घरात, वयस्कर माणसांसह दोन न पटणारी मांजरे सांभाळणाऱ्यांनी त्यांच्या घरातील ट्रे, पाणी आणि झोपण्याच्या जागा नेमक्या कुठे आहेत, हे लिहिल्यास फार मदत होईल.