युव्हिआयटिसवरील स्टिरॉइडमुळे आईची साखर वाढली आहे. गोळ्या बंद कराव्यात का?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या आईच्या (वय ५८) दोन्ही डोळ्यांना युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह) झाला असून दीड महिन्यापासून प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि स्टिरॉइडचे थेंब चालू आहेत. ६० मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली होती, आता ४० वर आलो आहोत. लाली आणि धूसरपणा पुष्कळ कमी झाला. परंतु चेहरा सुजून गोल झाला आहे, रात्री झोप लागत नाही आणि पूर्वी मधुमेह नसताना जेवणानंतरची साखर २६० निघाली. नातेवाईक गोळ्या लगेच बंद करायला सांगतात. काय करावे?

प्रतिसाद १:
स्वतःहून अचानक बंद करू नका, ही कळकळीची विनंती. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल (शरीरातले नैसर्गिक स्टिरॉइड) कमी तयार करू लागतात, त्यामुळे काही आठवडे घेतलेले औषध एकाएकी थांबवल्यास प्रचंड थकवा येणे, उलट्या होणे, रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊ शकतात, आणि डोळ्यातला दाह उसळतो तो वेगळाच. माझ्या पतींनी प्रवासात चार दिवस गोळ्या चुकवल्या होत्या. त्यानंतर डोळा पुन्हा लाल झाला आणि डोस परत वाढवावा लागला.

साखरेबद्दल मात्र आजच डॉक्टरांना कळवा. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबू नका. आई गोळी संध्याकाळी घेत असतील, तर ती सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, हेही विचारा. झोपेचा त्रास त्याने बराच कमी होतो.

प्रतिसाद २:
डोळ्याचा दाब तपासला आहे का? तो साधारण १० ते २१ मिमी पारा असावा. थेंबांमुळे माझा दाब ३४ झाला होता, आणि काहीही दुखत नसल्याने मला पत्ताच नव्हता. असा दाब टिकला तर काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही स्टिरॉइडने लवकर येतो, पण त्यावर निदान शस्त्रक्रिया करता येते.

प्रतिसाद ३:
उपचार लांबणार असतील, तर स्टिरॉइडचा डोस कमी करता यावा म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध जोडतात. त्याविषयी अवश्य विचारा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि या औषधांनी दबलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी (क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी) झाली आहे की नाही तेही पाहा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे ना?

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. गोळी रात्री जेवणानंतरच दिली जात होती, आणि दाब एकदाच, सुरुवातीला तपासला होता. डॉक्टरांशी फोनवर बोललो. उद्या सकाळी त्यांनी साखरेच्या नोंदी घेऊन बोलावले आहे.