बँकॉकमध्ये टॅक्सी नकोच, ट्रेन आणि बोट धरा

पायवाट:
कुणीही बँकॉकला निघालं की सल्ला एकच: ‘ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, मागवा आणि मोकळे व्हा.’ मला हे मुळीच पटत नाही. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते आणि ४५ बाथमध्ये अर्ध्या तासात फया थाईला सोडते. तिथे स्कायट्रेन, म्हणजे रस्त्याच्या वरून धावणारी मेट्रो मिळते. सफान ताक्सिनला उतरलात की खालीच साथोर्नचा बोटीचा धक्का. नारिंगी झेंड्याची बोट थेट वाट अरुण मंदिराला नेते. पण शहर जवळून बघायचं तर सेन सेप कालव्याच्या बोटीत बसा. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर घेतात, नाहीतर ते काळं पाणी अंगावर! हेल्मेट घातलेला कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटं देतो. टॅक्सीतून हे दिसणार आहे का?

सातारी_कंदी:
दिसणार नाही, कबूल. पण माझ्याबरोबर आई होती, वय ७२, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. स्कायट्रेनची स्टेशनं रस्त्याच्या कितीतरी वर. सरकता जिना बऱ्याच ठिकाणी फक्त चढायला, उतरायला साधाच. लिफ्ट असते, पण ती चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. आणि कालव्याची बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच उडी टाकून चढायचं! शिवाय चौघांचा हिशोब मांडा: फया थाईपर्यंतच १८० बाथ, पुढचं तिकीट वेगळं. टॅक्सीचं मीटर ३५ पासून सुरू होतं; विमानतळाचे वरचे ५० आणि टोल धरूनही चौघांत ते जड जात नाही, आणि ती हॉटेलच्या दारात सोडते. पहाटे तीनला उतरणाऱ्याला तर रेल्वे नसतेच.

पायवाट:
पहाटे टॅक्सीच, त्यात वाद नाही. पण संध्याकाळी पाचला सुखुमवित रस्त्यावर अडकून बघा. असोकहून सियामला जायला आम्ही टॅक्सी केली, चालकाने मीटर टाकायला नकार दिला तरी बसलो. एकाच सिग्नलला उभे असताना डोक्यावरून स्कायट्रेनच्या चार गाड्या निघून गेल्या. स्कायट्रेनने ते अंतर फक्त चार स्टेशनांचं आहे.

गल्लीबोळ:
सातारी, वाट फो मंदिराजवळ २०१९ पासून भुयारी मेट्रोचं सनम चाय स्टेशन झालंय. आईंना तिथे लिफ्टने वर येता येईल.

सातारी_कंदी:
तिथूनच परतलो होतो. भुयारी मेट्रोतून स्कायट्रेनला जायचं म्हणजे सुखुमवित स्टेशनातून वर असोकला चढायचं, पुन्हा वेगळं तिकीट. गर्दीत लिफ्ट सापडली नाही. आई जिन्यात कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, ‘तू हो पुढे, मी येते.’ त्यानंतर मी रोज गाडीच मागवली.