कार्टून, अर्कचित्र की व्यंगचित्र?

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश राजघराण्याची जी टिंगल चित्रांतून झाली त्यावर थोडं लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. १८१२ च्या एका चित्रात गादीवर बसायचा असलेला जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज झाला तो) व्हेल मासा दाखवलाय. ह्याला मराठीत काय म्हणू? मित्र म्हणतो सरळ कार्टून लिही, सगळ्यांना कळतं.

▪︎

कळतं हो, पण १८१२ ला कार्टून लिहू नका. तेव्हा इंग्रजीत कार्टून म्हणजे भित्तिचित्राआधी जाड कागदावर काढलेलं कच्चं रेखाटन. १८३४ ला पार्लमेंट जळालं, नवीन इमारतीच्या भिंती रंगवायच्या म्हणून स्पर्धा लावली आणि १८४३ मधे वेस्टमिन्स्टर हॉलमधे ती रेखाटनं मांडली. लोक उपाशी आणि सरकार भिंती रंगवतंय म्हणून 'पंच' साप्ताहिकाने जॉन लीचचं चित्र छापलं, फाटके गोरगरीब प्रदर्शनात ऐटबाज पोर्ट्रेटं बघत उभे, आणि वर लिहिलं कार्टून नंबर १. टोमणाच होता तो, पण नाव चिकटलं ते कायमचं.

▪︎

वरच्या प्रतिसादाला +१. मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्या-अंगातली ठळक वैशिष्ट्यं फुगवून काढलेलं चित्र. इंग्लिश चित्रकार क्रुकशँकचं ना ते? प्रिन्स ऑफ वेल्सचा प्रिन्स ऑफ व्हेल्स केलाय, कोटी मराठीतही जशीच्या तशी बसते, फुकट मिळाली. बारकाईने बघा, माशाच्या नाकातून दोन फवारे उडतायत, 'कृपेचं दंव' पंतप्रधान पर्सिव्हलवर आणि 'विस्मृतीची दारू' जुना दोस्त शेरिडनवर! म्हणजे सत्ता हातात आल्यावर (राजा व्हायच्या आधीच बापाच्या वतीने कारभार ह्याच्याकडे आला होता) जुन्या मित्रांना कसं टांगलं ते एका माशात सांगून टाकलं. ले हंट ह्या पत्रकाराने त्याच वर्षी साध्या गद्यात ह्याच जॉर्जला पन्नाशीचा लठ्ठ माणूस म्हटलं तर दोन वर्षं तुरुंगात गेला. चित्रावर खटला भरायचा तर ते कोर्टात दाखवावं लागणार आणि ज्युरी हसली की केस संपली. म्हणून राजाने दुसरा रस्ता धरला, १८२० ला क्रुकशँकला १०० पौंड दिले, बदल्यात राजाला 'अनैतिक अवस्थेत' काढणार नाही अशी हमी घेतली. पैसे घेतले पठ्ठ्याने आणि त्याच वर्षी राजाची बायको कॅरोलाइन हिच्यावरच्या खटल्यावरून परत राजाची चित्रं काढली.

▪︎

अर्कचित्र ठीक, पण व्यंगचित्र हा शब्द इतक्यात सोडू नका, त्यात दोन शब्द एकत्र आलेत. एक व्यंग म्हणजे उणीव, शारीरिक व्यंग म्हणतो ते, आणि दुसरा काव्यशास्त्रातला व्यंग्य, न बोलता सुचवलेला अर्थ. जॉर्जच्या चित्रांत पहिलं आहे, पोट, फुगलेले गाल, सगळं वाढवून. व्हिक्टोरियाच्या वेळी मात्र दुसरं. नवरा १८६१ ला गेल्यावर राणी लोकांसमोर यायचीच बंद झाली, तर १८६७ ला 'टॉमाहॉक' ह्या विनोदी साप्ताहिकाने सिंहासन रिकामं दाखवलं आणि त्याला रेलून उभा तिचा स्कॉटिश नोकर जॉन ब्राऊन, पुढ्यात ब्रिटिश सिंह. नाव 'अ ब्राऊन स्टडी', इंग्रजीत त्याचा अर्थ तंद्री, वर आडनावावर कोटी. राणी चित्रात नाहीच! आता ह्याला अर्कचित्र कसं म्हणणार, अर्क काढायला चेहराच नाही.

▪︎

हे पटलं. 'पंच'चा चित्रकार टेनियल, त्याचं १८७६ चं घ्या, पंतप्रधान डिझरेली अल्लादीनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्यासारखा 'जुन्यावर नवे मुकुट' करत राणीला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा मुकुट देतोय. राणीचा चेहरा अगदी सभ्य, टोला सगळा डिझरेलीला. आपल्याकडे कैसर-इ-हिंद म्हणून जो किताब आला तो हाच, १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात घोषणा झाली. आणि लंडनच्या 'पंच'वरून मुंबईत 'पारशी पंच' १८५४ लाच निघालं होतं, पुढे त्याचं 'हिंदी पंच' झालं, त्यामुळे 'पंच' हे नाव तरी मराठीत भाषांतर न करता तसंच ठेवा.

▪︎

ओके, मग व्हेलला अर्कचित्र आणि रिकाम्या सिंहासनाला व्यंगचित्र. कार्टून १८४३ नंतरच्याच चित्रांना लिहीन, मित्र कटकट करेल पण करू दे.